मुरूमखेडच्या विहिरीवरचा परग्रहवासी

धम्मप्रिया क्लासवरून आली ती हसतच आली. दारात चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि आईसमोर उभं राहून तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली. ती हनुवटीशी नेली आणि मान जराशी मागं टाकली.

"हे काय गं?" नागुबाईंनी विचारलं. त्या पंख्याखाली बसून मेथी निवडत होत्या.

"परग्रहवासीयांचा नमस्कार. आमची पोरं आठ दिवसांपासून एकमेकांना असाच नमस्कार करून राहिलीत. वर्गात आले की ओंजळ, गेले की ओंजळ."

नागुबाई शिरूर अनंतपाळच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्या लातूरला लेकीकडं राहायच्या. धम्मप्रिया एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. आईची उंची तिला मिळाली नव्हती. नागुबाई अशा उंच की अजूनही प्रत्येक दारातून जाताना त्यांची मान आपोआप खाली जायची.

"कुठून शिकली ही खूण?" त्यांनी विचारलं.

"एका जुन्या पिक्चरमधली आहे. अमरेशभाऊंच्या क्लबात रविवारी दाखवणार आहेत. पिक्चर झाल्यावर मी बोलायचंय, पृथ्वीबाहेर जीव असेल का यावर. हे बघ पोस्टर."

अमरेशभाऊंची डाळमिल होती आणि जुन्या पिक्चरांचं वेड होतं. मिलच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये ते महिन्यातून एका रविवारी पडदा लावायचे. यंदा त्यांनी अवकाशातल्या गोष्टींचे जुने पिक्चर लावले होते: उडत्या तबकड्या, पुठ्ठ्याचे ग्रह, रबराच्या कातड्यातले राक्षस. कोचिंगची पोरं अभ्यासाला कंटाळून येत आणि हसता हसता गप्प होत. या वेळचा पिक्चर हिंदी होता, 'परली तरफ' नावाचा. कधी आला आणि कधी गेला कुणाला ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या एका गोदामात त्याची रिळं सापडली. कुणा हौशी माणसानं ती साफ करून इंटरनेटवर टाकली आणि परदेशातली माणसं त्याच्यावर लेख लिहायला लागली.

नागुबाईंनी मोबाइल हातात घेतला. चंदेरी अंगाचा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा एक लांबलचक प्राणी विहिरीच्या काठावर ओंजळ धरून उभा होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग मोबाइल परत दिला आणि मेथीची जुडी पुढं ओढली.

"ही मी हाय," त्या म्हणाल्या.

धम्मप्रिया हसली. आई हसत नाही असं दिसल्यावर ती खाली बसली.

मुरूमखेड देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या सरहद्दीला चिकटून आहे. गावामागं मोठा माळ होता. झाड नाही, झुडूप नाही, नुसते काळे गोटे आणि लाल मुरूम. उदगीरचा बसवराज नावाचा एक माणूस मुंबईला जाऊन दुसऱ्यांच्या पिक्चरवर राबला होता. स्वतःचा पिक्चर करायची वेळ आली तेव्हा त्याला परका ग्रह पाहिजे होता, आणि लहानपणी मामाच्या गावाला जाताना दिसलेला हा माळ त्याला आठवला. ट्रक भरून सामान आलं. माळावर खड्डा खणून त्यात पत्र्याचं अवकाशयान अर्धं पुरलं. गोष्ट साधी होती. लांबच्या ताऱ्यावरून आलेला एक जीव माळावर पडतो, गाव त्याला भितं, लाठ्या घेऊन मागं लागतं, आणि शेवटी तो परत जातो.

परग्रहवासी व्हायला कोल्हापूरचा एक उंचापुरा पैलवान आणला होता. त्याच्या मापानं चंदेरी रेक्झिनचा सूट शिवलेला होता, वरून फायबरचं डोकं. मार्च संपत आला होता. पैलवान दोन दिवस त्या सूटात उकडला, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला, उठला आणि कुणाला न सांगता पहाटेच्या एसटीनं निघून गेला. सूट राहिला. त्याच्या मापाचं माणूस शोधायचं म्हटलं तर अख्ख्या गावात तेवढं उंच एकच होतं. बौद्ध वस्तीतल्या दगडोबा वाघमारेची पोरगी नागू. दहावी झालेली, लग्नाची, त्या खड्ड्याच्या कामावर घमेली उचलत होती.

बसवराज दगडोबाच्या घरी आला. खाली पोत्यावर बसला, चहा प्याला. दगडोबानं दोनच गोष्टी सांगितल्या. पोरीचं तोंड दिसता कामा नये आणि नाव कुठं येता कामा नये. बसवराजनं मान हलवली.

"माझी पण एक अट हाय," तो म्हणाला. "सूटात कोण हाय हे गावाला कळायचं न्हाई. त्यांना पैलवानच हाय असं वाटू द्या."

कारण दगडोबाला विचारावं लागलं नाही. बसवराज त्याच मुलखातला होता. पिक्चरमधला एक मोठा सीन गावच्या विहिरीवर होता. वस्तीचा आड होळीच्या सुमाराला आटायचा. मग वस्तीतल्या बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीशी जायच्या आणि पायऱ्यांच्या खाली उभ्या राहायच्या. वरून कुणी शेंदून ओतलं तर पाणी मिळायचं. कायदा केव्हाचा झाला होता. मतदानाला सगळे एकाच शाळेत जात होते. विहिरीवर मात्र ती पायरी तशीच होती.

उजाडायच्या आत नागू तंबूत जायची आणि पैलवान बाहेर यायचा. बोलायचं नाही, डोकं काढायचं नाही. गावची पोरं ओरडायची, "ओ पैलवान, एक उडी मारा की!" ती गप चालायची. डोक्याचे मोठे काळे डोळे नुसते रंगवलेले होते, त्यांतून काहीच दिसायचं नाही. हनुवटीखाली एक फट होती. तिच्यातून पायापुढची हातभर जमीन दिसायची, तेवढीच. म्हणून ती पाय उचलण्याआधी सरकवायची, चाचपायची, मग टाकायची. बसवराजला ते चालणं आवडलं.

"तुला कायच ठावं न्हाई, समझी?" तो तिला सांगायचा. "माणूस म्हणजे काय, तू कधी बघितलेलं न्हाई. राग न्हाई, भ्या न्हाई. निस्तं बघायचं." बघायला तर काहीच दिसत नव्हतं, पण तिनं 'हाव' म्हणत होकार दिला.

विहिरीच्या दिवशी सारा गाव काठावर लाठ्या घेऊन उभा होता. सरपंचाचं काम गावातल्याच मल्लिनाथ आप्पांना दिलं होतं. त्यांचा देगलूरला भुसाराचा धंदा होता, गावात जमीन होती, आणि शूटिंगला बैलगाड्या त्यांनीच दिल्या होत्या. सीन असा होता की परग्रहवासी विहिरीवर येतो, थांबतो. सरपंचाच्या हातात पाण्याचा तांब्या असतो. दोघं एकमेकांकडं बघतात, सरपंच लोकांना लाठ्या खाली करायला लावतो आणि तो निघून जातो. बस.

एकदा उन्हाची तिरीप आली म्हणून थांबले. एकदा कुणाची तरी म्हैस मधे शिरली. तिसऱ्यांदा नागू पायऱ्या चढून वर आली तेव्हा तिच्या कानात शिट्टी वाजत होती आणि जीभ टाळूला चिकटली होती. फटीतून तिला दगडी पायरी दिसली, एक हात दिसला, हातात पितळेचा तांब्या. तांब्याच्या काठावरून थेंब गळत होते. तिचे हात वर आले. तिनं ओंजळ केली, ती हनुवटीशी नेली आणि मान मागं टाकली. लहानपणापासून ती अशीच पाणी पीत आली होती. वरून धार आली. थोडं फटीतून तोंडात गेलं, बाकीचं गळ्यावरून आत, छातीवरून पोटापर्यंत. तिला एवढं गार काही कधी लागलं नव्हतं.

कट म्हणायला बसवराजनं फार वेळ लावला. संध्याकाळी तंबूत तो तिला म्हणाला, "तू काय केलीस, तुला कळलं का?"

"तहान लागली व्हती."

"ठेवतो मी ते," बसवराज म्हणाला आणि बाहेर गेला.

पिक्चर हैदराबाद आणि नांदेडला थोडे दिवस लागला आणि उतरला. दगडोबानं नागूला बघायला पाठवलं नाही. त्याच वर्षी नांदेडला नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला, पुढं लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या होत राहिल्या. बसवराजनं दुसरा पिक्चर कधी केला नाही. तो वारल्याचं तिला पेपरात दिसलं होतं.

एवढं सांगून होईपर्यंत मेथी निवडून झाली होती. धम्मप्रियानं मघाशी ओंजळ केलेले हात मांडीवर उपडे ठेवले होते.

"म्हणजे आई, ही खूण..."

"खूण कसली? पाणी प्यायची रीत व्हती ती आपली."

"परदेशातल्या एकानं यावर दहा पानं लिहिलीत. कुणी म्हणतं, हातात हत्यार नाही असं दाखवतोय. कुणी म्हणतं, आकाशगंगेचा आकार आहे."

"लिहू दे."

"आमच्या वर्गात शंभर पोरं रोज हे करून राहिलीत. मी पण केलं. आत्ता, तुझ्यासमोर." धम्मप्रिया उठली, उगीच फ्रिज उघडून बंद केला. "रविवारी तिथं मल्लिनाथ आप्पा येणार आहेत. त्यांना पाहुणे म्हणून बोलावलंय. पिक्चरमध्ये काम केलेलं तेच एक माणूस जिवंत आहे म्हणे."

"अजून हायेत का आप्पा?"

"तू बोलशील तिथं? मी अमरेशभाऊंना आत्ता फोन लावते."

"नको. मला पिक्चर बघायचाय," नागुबाई म्हणाल्या. "मी अजून बघितला न्हाई."

रविवारी चारला हॉल भरला होता. खालून मिलमधल्या डाळीचा वास येत होता. नागुबाई तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या, गुडघे लांब करायला जागा असावी म्हणून. पुढच्या खुर्चीवर मल्लिनाथ आप्पा होते. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात काठी. ऐंशी उलटलेली. अमरेशभाऊंनी त्यांना शाल घातली आणि माइक दिला. आप्पा रंगात आले. शूटिंगच्या वेळी बैल कसे उधळले, हिरोईनला मुरूमखेडची भाकर कशी आवडली, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आन् त्यो प्राणी, म्हंजे कोल्हापूरचा पैलवान व्हता आत, त्यानं माझ्या डोळ्यात डोळे घालून बघितलं. ते बघणं मी अजून इसरलो न्हाई. बघितलं आन् माझा हात आपोआप हलला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिवे गेले.

नागुबाईंना वाटलं होतं, आपल्याला लाज वाटेल किंवा रडू येईल. दोन्ही झालं नाही. दवाखान्यात कुणाचा एक्स-रे दिव्यासमोर धरून पाहावा तसं त्यांनी पाहिलं. हा माळ. हा तो खड्डा, याची माती आपण उपसली. यान पत्र्याचं आहे हे आता लगेच कळत होतं. पण माळ मात्र पडद्यावर खरंच दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरचा वाटत होता. तिथं आपण शेण्या वेचल्या होत्या हे त्यांना पटेना. आणि त्या माळावरून तो प्राणी चालत आला. पाय सरकवत, थांबत, टाकत. हॉलमधली कुजबूज थांबली. मागं एक मुलगी हळूच म्हणाली, "कसा चालतोय बघ." नागुबाई पाहत राहिल्या. ती चाल आपली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण आत जे होतं, उकाडा, रेक्झिनचा वास, स्वतःच्या श्वासाचा आवाज, त्यातलं काहीच बाहेर आलेलं नव्हतं. बाहेर आलेलं दुसरंच कुणीतरी होतं आणि त्याला कशाचीही घाई नव्हती.

विहिरीचा सीन आला. काठावर लाठ्या, मधे तरुण मल्लिनाथ आप्पा, काळ्याभोर मिशांचे. प्राण्यानं ओंजळ वर नेली.

त्याच क्षणी हॉलमधल्या पोरांनी ओंजळी वर केल्या. ठरवूनच आली होती ती. पडद्याच्या उजेडात रांगांमागं रांगा ओंजळी दिसत होत्या, माना मागं टाकलेल्या. लातूरच्या डॉक्टरांची पोरं, व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची, निलंग्याची, उदगीरची, औशाची. त्यातली काही वस्तीतलीही असतील. नागुबाईंनी मान वळवून सगळा हॉल पाहिला. शेजारी धम्मप्रिया हात घट्ट जुळवून मांडीत धरून बसली होती. पडद्यावर पाण्याची धार पडत होती आणि आवाज नव्हता. बसवराजनं तिथं संगीत टाकलेलं नव्हतं.

शेवटी प्राणी यानात चढला आणि त्यानं मागं वळून पाहिलं. नागुबाईंच्या लक्षात आलं की हे आपण नाही. हे पुढं मुंबईत घेतलं असणार, सूटात दुसराच कुणीतरी होता. खांदे रुंद होते आणि तो पायरी चाचपत नव्हता. हॉलमध्ये कुणालाही फरक कळला नाही. टाळ्या झाल्या.

मग धम्मप्रिया बोलायला उभी राहिली. तिनं सांगितलं की आपल्या सूर्यमालेबाहेर हजारो ग्रह सापडलेत, आणि जीव शोधताना आपण आधी पाणी शोधतो, कारण आपल्याला माहीत असलेला एकही जीव पाण्यावाचून जगत नाही. आजवर कुठूनही खात्रीची खूण आलेली नाही. येणार नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. ती नेहमीसारखं नीट बोलली, पण तिचा आवाज थोडा वरच्या पट्टीत होता. नागुबाईंना तेवढं कळलं.

"आन् आलेच ते, तर आपण काय करायचं?" कुणीतरी विचारलं.

आप्पांनी बसल्या जागेवरून माइक मागून घेतला. "आम्ही काय केलं? पाणी दिलं! मुरूमखेडवाल्यांनी जगाला दाखवून दिलं, पाहुण्याशी कसं वागायचं ते."

पोरं खूश झाली. शिवांश नावाचा एक चष्मेवाला मुलगा उभा राहिला. ओंजळीचं खूळ क्लासात त्यानंच आणलं होतं.

"मॅडम, त्या खुणेचा त्यांच्या भाषेत नेमका अर्थ काय असेल? 'आम्ही शांततेनं आलोत' असं असेल का?"

धम्मप्रियानं माइक धरला होता. ती बोलली नाही. आईकडंही तिनं पाहिलं नाही. मुद्दाम पाहत नाही, हे नागुबाईंना दिसत होतं. अमरेशभाऊ खुर्चीतून पुढं सरकले.

नागुबाई उठल्या. उठायचं ठरवलं नव्हतं. पण लेक तशी उभी आहे आणि आपण बसून आहोत, हे त्यांना बरं वाटेना.

"तहान लागली व्हती," त्या म्हणाल्या.

माना वळल्या. "काय म्हणालात, मावशी?" अमरेशभाऊंनी विचारलं.

"त्या सूटात मी व्हते. ऊन लई व्हतं. तहान लागली म्हणून ओंजळ धरली आन् आप्पांनी पाणी ओतलं. त्याच्यात खूणबीण काई न्हाई."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. आप्पा खुर्चीतच अर्धे वळले. "आं? कोल्हापूरचा पैलवान व्हता की त्यो."

"पैलवान तिसऱ्या दिशी पळाला, आप्पा. मी नागू. दगडोबाची."

"कोणचा दगडोबा?"

"वस्तीतला. वाघमारे. तुमच्या खळ्यावर असायचा."

पोरांना यातलं फार काही कळलं नाही. परग्रहवासी आपल्यात बसलाय आणि तो म्हणजे एक म्हातारी बाई आहे, एवढंच कळलं आणि ते त्यांना भलतंच आवडलं. पुढच्या एकदोन रांगांत वयस्क माणसं होती, ती मात्र एकदम खाली बघायला लागली. आप्पांनी हातातल्या माइककडं पाहिलं आणि तो अमरेशभाऊंना देऊन टाकला. नागुबाईंनी सवयीनं त्यांच्या तोंडाचा रंग पाहिला. बीपी वाढलं असावं, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं.

अमरेशभाऊ शहाणे होते. ते खाली आले, नागुबाईंना नमस्कार केला आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. मग गर्दी झाली. फोटो झाले. शिवांश म्हणाला, "काकू, एकदा करून दाखवा ना, प्लीज." नागुबाई नाही म्हणाल्या. पोरं थोडी हिरमुसली, मग चहाकडं गेली.

चहा खाली मिलच्या आवारात होता. नागुबाई कप घेऊन पोत्यांच्या थप्पीशी उभ्या होत्या, तर आप्पा काठी टेकत एकटेच आले. जवळ येऊन थांबले. आता ते नागुबाईंच्या खांद्याला लागत होते.

"दगडोबा कधी वारला?"

"लई वर्सं झाली. धम्मप्रिया पोटात व्हती तवा."

"कामाला बरा व्हता," आप्पा म्हणाले. "तू माझ्याकडं लई रोखून बघत व्हतीस त्या दिशी."

"मला दिसतच नव्हतं, आप्पा. डोळे रंगवलेले व्हते. खालून फकस्त तुमचा हात दिसला. आन् तांब्या."

"तोंड न्हाई दिसलं माझं?"

"न्हाई."

आप्पांनी मान हलवली. इतकी वर्षं सांगत आलेल्या गोष्टीतून कुणीतरी मधलाच खांब काढून नेला तसा त्यांचा चेहरा झाला. धम्मप्रिया येऊन आईच्या मागं उभी राहिली होती, त्यांनी तिलाही पाहिलं.

"खरं सांगू का," ते म्हणाले. "ओंजळ बघितली आन् तवाच मनात आलतं. कोल्हापूरचा पैलवान अशी ओंजळ कामून धरंल? त्यो सरळ तांब्या मागंल. अशी ओंजळ आमच्या पायऱ्याखाली धरत्यात."

"मग?" नागुबाईंनी विचारलं.

"मग काय. कॅमेरा चालू व्हता."

"आणि बंद असता तर?" धम्मप्रिया म्हणाली.

आप्पांनी विचार केला. खरोखरच केला, असं नागुबाईंना वाटलं.

"ते मला ठावं न्हाई, पोरी," ते म्हणाले. जीपवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी नागुबाईंना उगीच सांगितलं की आता गावात सगळ्यांच्या दारात नळ आलेत, आणि ते निघाले. जीपमध्ये चढताना त्यांना कुणाचा तरी आधार लागला. नागुबाई जवळच होत्या, त्यांनी कोपराला धरून वर चढवलं. आप्पांनी हात काढून घेतला नाही.

दोघी ऑटोनं घरी निघाल्या. गांधी चौक आल्यावर धम्मप्रिया म्हणाली, "तू सगळं सांगायला पाहिजे होतंस. पायऱ्या, वस्ती, सगळं. पोरं हसत होती."

"हसू दे की. ती का माझ्यावर हसत व्हती?"

"मग मी सांगू त्यांना?"

"सांग. तू मास्तरीण हायस."

तिनं सांगितलं. सोमवारी वर्गात, फळ्यावर गणित लिहून झाल्यावर, मागं न वळता चार वाक्यांत सांगितलं. मग तिनं पुढचं गणित घेतलं. काही पोरांनी ओंजळ करणं सोडलं. काहींनी सोडलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, लोह्याकडची, पुढं जास्तच ताठ मानेनं करायला लागली, पण कुणी विचारलं तर कारण सांगायची नाही. शिवांशनं इंटरनेटवर मोठा लेख लिहिला. त्याच्याखाली परदेशातल्या माणसांनी भांडणं केली. दहा पानंवाल्यानं लिहिलं की गोष्ट सुंदर आहे, पण पुरावा काय? पुरावा नव्हता. ज्यानं रिळं साफ केली होती त्याला अमरेशभाऊंनी फोन केला. तेव्हा त्यानं पिक्चरखालच्या माहितीत एक ओळ घातली, की परग्रहवासीयाची भूमिका नागू वाघमारे यांनी केल्याचं सांगितलं जातं. धम्मप्रियाला त्या 'सांगितलं जातं'चा फार राग आला. तिनं त्याला तीनचार मेल लिहिले. नागुबाईंनी ती ओळ एकदा वाचली आणि चष्मा पुसून ठेवला.

पुढच्या महिन्यापासून मात्र त्या क्लबात जायला लागल्या. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची झाली. एका रविवारी एक फार जुना परदेशी पिक्चर होता, काळापांढरा. त्यात आकाशातून आलेल्याला पहिल्याच दिवशी गोळी घालतात. पोरं नंतर तावातावानं बोलत होती. आपण हाक मारतोय तर कुणी उत्तर का देत नाही, तिकडं कुणी नसेलच, की ऐकून गप्प बसलेत? शिवांश मागं वळला.

"काकू, तुम्हाला काय वाटतं? असेल कुणी?"

नागुबाई पिशवी घेऊन उठत होत्या. रविवारचा भाजीबाजार उठायच्या आत त्यांना जायचं होतं.

"असंल की," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं हाय म्हणल्यावर कुणी ना कुणी असंलच. सगळेच बोलत नसत्यात, बाबा." आणि दारातून जाताना मान वाकवून त्या जिन्यानं खाली उतरल्या. त्या दिवशी वांगी चांगली मिळाली.